सिनेमा पडला, हक्क पडले नाहीत

प्रश्न: १९९३ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा व्हिडिओ गेमवर बेतलेला इंग्रजी सिनेमा मी लहानपणी टीव्हीवर पाहिला. जगाने त्याला नावं ठेवली, मला मात्र तो अजून आवडतो. शेवटी राजकन्या डेझी शस्त्रं घेऊन मारिओ-लुइजी या प्लंबर भावांच्या घरात घुसते, मदत मागते आणि सिनेमा तिथेच संपतो. पुढचा भाग आलाच नाही. म्हणून मी आणि माझे दोन मित्र दोन वर्षं ती पुढची गोष्ट मराठीत वेबकॉमिक म्हणून काढतोय. वाचायला फुकट आहे आणि प्रत्येक पानाखाली ‘कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही’ असं लिहितो. आता वाचक छापील प्रती मागतायत, एक मित्र टी-शर्ट काढू म्हणतो. तेवढ्यात गेल्या आठवड्यात आमची साइट जिच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंग कंपनीची ईमेल आली की तक्रार आल्यामुळे काही पानं काढली आहेत. खाली ‘काउंटर नोटीस’चं बटण आहे. अमेरिकेतल्या चाहत्यांनीही २०१३ मध्ये सिनेमाच्या एका मूळ पटकथाकाराला सोबत घेऊन हेच सुरू केलं होतं. मग आम्ही बटण दाबायला काय हरकत आहे? – एक वाचक, ठाणे

उत्तर: दाबू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

‘काउंटर नोटीस’, म्हणजे तक्रारीला दिलेलं कायदेशीर प्रत्युत्तर, ही चीज अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यातली आहे, म्हणजे तुमची कंपनी बहुधा तिथलीच. हे बटण म्हणजे ‘आमचंही ऐका’ अशी तक्रारपेटी नव्हे. ते दाबताना तुम्ही खरं नाव, पत्ता, फोन देता. पानं चुकीने किंवा गैरसमजाने काढली गेली असं प्रतिज्ञेवर सांगता, आणि ते खोटं ठरलं तर शिक्षा होऊ शकते. शिवाय अमेरिकेबाहेर राहणारा माणूस कंपनी जिथे आहे तिथल्या फेडरल न्यायालयाचा अधिकार मान्य करतो. त्यानंतर तक्रारदाराने दावा लावला नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत पानं परत दिसू लागतात. लावला, तर तारखेला ठाण्याहून तिकडे कोण जाणार?

पानं चुकीने काढली असं तुम्हाला छातीठोकपणे म्हणता येईल का, हा खरा प्रश्न. मला तसं वाटत नाही.

तुमच्या कॉमिकखाली दोन मालक आहेत. मारिओ, लुइजी, त्यांची नावं, त्यांची ओळख मूळ गेम काढणाऱ्या निन्टेंडो या जपानी कंपनीची. त्यांनी सिनेमापुरती परवानगी दिली होती, पात्रं विकली नव्हती. डायनासोरपासून उत्क्रांत झालेल्या माणसांचं ते समांतर शहर, तिथले पोशाख, डेनिस हॉपरने केलेला खलनायक कूपा, ही खास सिनेमातली भर. ती सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आले त्यांची. सिनेमा पडला होता हे खरं. सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर खर्चून अमेरिकेत २ कोटी १० लाखांच्या आसपास आले. पण तिकीटखिडकीवर आपटल्याने कॉपीराइट संपत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे या सिनेमाचा २०५३ अखेरपर्यंत. परदेशी कृतींनाही भारतात हे संरक्षण आहे. आणि ‘आता कोण विचारतंय’ म्हणाल, तर २०२३ च्या मारिओ ॲनिमेशनपटाने जगभरात १३० कोटी डॉलरहून जास्त कमावले. विचारणारे आहेत.

तुम्ही म्हणाल, आम्ही कॉपी कुठे केली, गोष्ट तर नवी आहे. हा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कल्पनेवर कोणाची मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर. उल्का आदळली आणि जगाचे दोन भाग झाले, ही कल्पना कोणीही वापरावी. पण तुमच्या पानांवर कल्पना नाही, तीच माणसं आहेत, त्याच नावांनी. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कॉमिक्समधल्या आपल्या लाडक्या नागराजच्या बाजूने, नागराजसारख्याच ‘नागेश’ला मनाई केली. तिथे नाव थोडं तरी बदललं होतं. तुम्ही तेही बदललेलं नाही. त्यात कायद्याच्या कलम २ मधली ‘रूपांतरा’ची व्याख्या पाहा. गोष्ट मुख्यतः चित्रांतून सांगणारी, पुस्तकात किंवा मासिकात छापता येईल अशी आवृत्ती तिथे स्पष्ट धरलेली आहे. पुढची गोष्ट म्हणजे रूपांतर नव्हे, असा युक्तिवाद मी तुमच्यातर्फे करू शकेन. त्यावर घर गहाण ठेवू नका, इतकंच.

आणि अमेरिकेतला ‘फेअर यूज’, म्हणजे परवानगीशिवाय वाजवी वापराची मुभा, इथे जसाच्या तसा चालत नाही. आपल्या कलम ५२ मध्ये मोजके हेतू आहेत: खासगी वापर, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वृत्त. नाटककार सिव्हिक चंद्रन यांच्या प्रतिनाटकाला (एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या नाटकाला) केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मोकळीक दिली, कारण ते मूळ मल्याळी नाटकावर टीका करत होतं. तुम्ही सिनेमावर टीका करत नाही, त्याच्यावर प्रेम करता. कायद्याच्या नजरेत प्रेम हा बचाव नाही, हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही.

पानाखालची ती ओळ काढा. ती कवच नाही, उलट ‘हक्क दुसऱ्याचा आहे हे मला ठाऊक होतं’ याची तुमच्याच हातची कबुली आहे. कलम ६३ चा गुन्हा ‘जाणूनबुजून’ केलेल्या भंगाचा. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं, दंड ५० हजार ते २ लाख. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात म्हटलंय. घाबरवायला सांगत नाही. फुकट कॉमिक काढणाऱ्या तिघांच्या मागे पोलीस लागण्याची शक्यता फार कमी. पण नफ्यासाठी धंदा केला नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, ही सवलत त्याच कलमात आहे आणि छापील प्रत विकली की ती तुम्ही स्वतःच गमावता.

अमेरिकेतल्या त्या चाहत्यांचा दाखला इथे लागू पडत नाही. हॉलिवूडमध्ये पटकथाकार बहुतेक वेळा निर्मात्यासाठी लिहितो आणि हक्क निर्मात्याकडे जातात. त्याचा आशीर्वाद मोलाचा, पण तो परवाना नव्हे. आणि मालकाने कोणाकडे काणाडोळा केला, तर तो त्यांच्यापुरता. शेजाऱ्याच्या झाडाच्या कैऱ्या एकाने पाडल्या आणि शेजारी गप्प बसला, म्हणून झाड गल्लीचं होत नाही.

टी-शर्टचा विचार आजच सोडा. तिथे कॉपीराइटच्या जोडीला ट्रेडमार्कचा कायदाही येतो आणि निन्टेंडो मालाच्या बाबतीत ढिलाई करत नाही.

परवानगी मागणारं पत्र पाठवायचं असेल तर जरूर पाठवा, पण ‘नाही’ उत्तर आलं तर खरंच थांबायची तयारी ठेवून. मला विचाराल तर दुसरा रस्ता घ्या. दोन वर्षांत तुम्ही तिघांनी स्वतःची किती पात्रं उभी केली असतील! ती घेऊन बाहेर पडा. प्लंबर भावांची जोडी, टोपी, मिशा, नावं, सगळं तिथेच ठेवा. समांतर जग हवं तर न्या, फक्त त्याचं रूप तुमचं असू द्या. मग ते छापा, विका.

त्याआधी तिघांत लेखी करार करा: गोष्ट कोणाची, चित्रं कोणाची, पैसे आले तर वाटणी कशी. हक्काचं हस्तांतरण आपल्याकडे लेखी आणि सहीनिशीच चालतं, चहाच्या टपरीवरचा शब्द पुरत नाही.

कंपनीला उद्याच दोन ओळी लिहून कळवा की तक्रारीतली पानं आम्ही परत लावणार नाही. मूळ फाइल्स मात्र हार्डडिस्कवरून पुसू नका. कोणी, कधी, काय काढलं याचा उद्या वाद झाला, तर पुरावा तोच.