जुन्या मारुती ८०० चा पेट्रोल पाईप घरी बदलता येतो का?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९९६ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली), सकाळी बोनेट उघडलं की पेट्रोलचा वास येतो, मेकॅनिकने पाईप चिरलाय म्हणून सांगितलं आणि तेवढा तुकडा घरी बदलायचा आहे. येतो की बदलता. पण फक्त तेवढाच तुकडा बदलू नका आणि नवा पाईप कुठला आणताय ते नीट बघा, कारण बाकीचं काम म्हणजे क्लिपा सैल करायच्या आणि परत आवळायच्या, एवढंच आहे.

टाकीपासून इंजिनापर्यंत बरीचशी लाईन लोखंडी असते, रबर फक्त जोडांवर. टाकीपाशी, फिल्टरच्या दोन्ही बाजूंना, पंपाला, कार्ब्युरेटरला, आणि शिवाय पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाईन. आधी कोणी बदललं नसेल तर ही सगळी रबरं एकाच वयाची आहेत, एक चिरलं म्हणजे बाकीच्यांचंही आलंच. एखादं बोटांत धरून हळूच वाकवून बघा, बाहेरच्या वळणावर केसाएवढ्या बारीक भेगा उघडतात, पाईप सरळ असताना त्या दिसतसुद्धा नाहीत. क्लिपच्या अगदी कडेला तर नक्की बघा. रबर दाबून कडक लागत असेल किंवा उलट फुगून मऊ पडलंय आणि बोटाला काळं लागतंय, दोन्ही वाईटच. टाकीजवळचा तुकडा सगळे विसरतात कारण तो बोनेटखाली दिसत नाही.

आता पाईप. फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर ई२० पेट्रोल यायला लागलं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. तुमची गाडी बनली तेव्हाचं रबर या मिश्रणासाठी बनवलेलंच नव्हतं. इथेनॉलने जुनं नायट्राईल रबर फुगतं, गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते सुकून आकसतं आणि मग चिरतं. म्हणून दुकानात नुसतं 'पेट्रोल पाईप द्या' म्हणू नका. पाईपवर छापलेलं वाचा, एसएई जे३० आर९ (SAE J30R9, हे पेट्रोल पाईपचं एक मानक) लिहिलेला मिळाला तर तोच घ्या. तो इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी प्रेशरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांसाठी असतो, तुमच्या गाडीच्या पंपाचं प्रेशर फार तर ४-५ पीएसआय, तेवढ्याला त्याची गरज नाही हे खरं, पण त्याचं आतलं अस्तर फ्लोरो रबरचं असतं आणि ते इथेनॉलला पुरून उरतं, महाग असला तरी घ्याच. पुण्यात असाल तर नाना पेठेत विचारा. माप आतल्या व्यासाचं असतं, त्यामुळे जुन्या पाईपचा तुकडा सोबत न्या, आणि रिटर्नचा पाईप वेगळ्या मापाचा असू शकतो म्हणून त्याचाही न्या. बाईकला लावतात तो पारदर्शक पाईप, पाण्याचा किंवा व्हॅक्यूमचा पाईप अजिबात नको, कोणी कितीही चालतो म्हणालं तरी.

काम मोकळ्या हवेत करा, बंद गॅरेजमध्ये किंवा खड्ड्यावर नाही, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचून राहते आणि दूरची ठिणगीसुद्धा तिला पुरते. इंजिन पूर्ण थंड, टाकीत पेट्रोल कमीत कमी, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, आणि एबीसी पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. पाण्याची बादली कामाची नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. उजेडाला वायरचा बल्ब नको, दिवसाउजेडीच करा.

टाकीचं झाकण एकदा उघडून बंद करा म्हणजे आतलं प्रेशर जाईल. मोबाईलवर फोटो काढा, सप्लाय आणि रिटर्नला वेगवेगळ्या रंगाची टेप लावा, मग एका वेळी एकच पाईप काढा. जुना पाईप चिकटलेला असतो, तो पकडीने पिळून ओढू नका, खालची नळी वाकते किंवा पंपाचं तोंड तुटतं आणि तुमचं छोटं काम मोठं होतं. ब्लेडने लांबीच्या दिशेने हलकी चीर द्या आणि सोलून काढा. लाईनच्या उघड्या तोंडाला जुन्या पाईपचा तुकडा लावून त्यात बोल्ट अडकवा, पेट्रोल वाहायचं थांबतं.

नवा पाईप नळीवर साधारण इंचभर आत गेला पाहिजे आणि क्लिप नळीवरच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही. खाचांची साधी क्लिप रबर कापते, गुळगुळीत पट्टीची इंजेक्शन क्लिप घ्या आणि बेताने आवळा. फिल्टरही नवाच टाका, बाण पंपाच्या दिशेला. पाईप एक्झॉस्टपासून लांब राहिला पाहिजे, पत्र्याच्या धारेला घासता कामा नये.

टाकीखालच्या तुकड्यासाठी गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. स्टँड नसतील तर तेवढं काम गॅरेजला द्या, त्यात काही कमीपणा नाही.

शेवटी सांडलेलं पुसून वाफ उडून जाऊ द्या, मग बॅटरी जोडा. लाईन रिकामी असल्याने सेल्फ थोडा जास्त मारावा लागेल, पण सलग नको, मधे थांबत थांबत. गाडी चालू झाली की प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा, नुसत्या डोळ्यांना ओल कळत नाही. दोन-चार दिवसांनी गाडी गरम असताना परत बघा, क्लिप थोडी सैल पडलेली असते. पेट्रोलची फडकी घरात आणू नका आणि काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका.

हे सगळं कार्ब्युरेटरच्या गाडीसाठी आहे. हे वाचून कोणी नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या ८०० वर हात घालणार असेल तर थांबा, तिच्या लाईनमध्ये इंजिन बंद केल्यावरही प्रेशर राहतं, ते आधी सोडावं लागतं, आणि तिथे हा साधा क्लिप-पाईपचा हिशोब चालत नाही.