वाचकांचे प्रश्न : सुका कचरा परत का येतो?

प्रश्न : आमचा तारकर्लीजवळ होमस्टे आहे. ओला-सुका वेगळा करूनही भंगारवाला बाटल्या तेवढ्या नेतो. पावसाळ्यात पुठ्ठासुद्धा नको म्हणतो. चुकतंय कुठे?

उत्तर : सगळा ‘सुका’ एकाच गोणीत भरता, तिथे. न विसळलेली दुधाची पिशवी आंबते, ते पाणी पुठ्ठ्यात मुरतं आणि गोणीच बाद होते. कागद-पुठ्ठा, कडक प्लास्टिक, पिशव्या, काच-पत्रा अशा चार गोण्या करा.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पुरता तोडू नका, लोंबता ठेवा. सुटा तुकडा केरातून व्हाळात आणि तिथून समुद्रात जातो. भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात पिशवी विसळून दोरीवर वाळवा.

पाण्याच्या बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ असतो, तो प्लास्टिकच्या प्रकाराचा नंबर. ती रिकामी करून चेपा, झाकण लावूनच द्या. कारखान्यात चुरा पाण्यात टाकतात तेव्हा झाकणाचा तरंगतो, बाटलीचा बुडतो. घात करतं ते ३ नंबरचं पीव्हीसी, म्हणजे पाइपाचे तुकडे वगैरे. तेही बुडतं, त्यामुळे पाण्यात वेगळं होत नाही. आणि बाटलीचा माल २५० अंशांच्या आसपास वितळतो तोवर ते करपून सगळा माल पिवळा पाडतं.

वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकला धातूचा पातळ थर चिकटलेला असतो. तो सुटत नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. पाकिटं कोरडी करून ग्रामपंचायतीच्या गाडीत वेगळी द्या. न्हाणीच्या चुलीत मात्र अजिबात नको. धूर विषारी असतो.

पुठ्ठ्याची खोकी उलगडून, चिकटपट्टी काढून माळ्यावर ठेवा. जमिनीची ओल लागली की वजन फुगतं, आणि भंगारवाला पाण्याचे पैसे कशाला देईल?

राहिली मासळी. खवले, काटे, कोलंबीची सालं माडाच्या बुंध्यापासून थोडं लांब, दीड फूट खोल पुरा. वर पातेरा म्हणजे सुका पाला, मग माती. वरवर पुरलंत तर रात्रीत कुत्री उकरतात. तिसऱ्यांच्या शिंपल्या लवकर कुजत नाहीत, त्या त्यात घालू नका.

प्रश्न : रत्नागिरीतल्या आमच्या ऑफिसात चहाचे कागदी कप रद्दीत टाकतो. चालतं ना?

उत्तर : नाही. कपाला आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, आणि तळाशी उरलेला घोटभर चहा बाकीची रद्दी भिजवतो. यंत्रातून निघणारी गुळगुळीत बिलंही रद्दीत नकोत; त्या कागदावर रसायनाचा लेप असतो. चहापाशी उरलेला चहा ओतायला एक बादली ठेवा आणि कपांऐवजी काचेचे ग्लास आणा.