वाचक विचारतात : वीज आणि गरम पाणी, एकाच इंजिनातून

प्रश्न : पुण्यात आमचं 60 खोल्यांचं हॉटेल आहे. रोज 10,000 लीटर पाणी पाइप गॅसच्या बॉयलरवर तापतं. एका विक्रेत्याने 50 किलोवॉटचा गॅस जनसेट (गॅसवर चालणारं इंजिन आणि जनित्र) सुचवलाय. वीज मिळेल, वर इंजिनाच्या उष्णतेवर पाणीही तापेल म्हणतो. घ्यावा का?

उत्तर : घेता येईल, पण 50 चा नको. असा जनसेट विजेच्या बिलावरून निवडत नाहीत, गरम पाण्यावरून निवडतात. 10,000 लीटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला सुमारे 407 युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते. 50 किलोवॉटचं इंजिन तासाला 80-85 युनिट उष्णता देतं. पाच तासांत पाणी तापलं, की पुढची उष्णता रेडिएटरचा पंखा हवेत उडवणार. 20 किलोवॉटचं इंजिन (उष्णता तासाला साधारण 40 युनिट) दहा तास सलग चालेल.

आता एका तासाचा हिशेब बघा. हे इंजिन सात-सव्वासात घनमीटर गॅस जाळतं. तेवढ्याच उष्णतेसाठी तुमचा बॉयलर आजही जवळपास 5 घनमीटर घेतो. म्हणजे वरच्या दोन-सव्वादोन घनमीटरांत 20 युनिट वीज पडली. उष्णता फेकलीत, तर त्याच 20 युनिटांना सातही घनमीटर लागले. या बचतीतून ऑइल, प्लग आणि सर्व्हिसिंगचा खर्च वजा करा. कोटेशनमध्ये तो बहुधा बारीक अक्षरांत असतो.

बिघाड सहसा पाइपिंगमध्ये होतो. इंजिनाकडे परतणारं पाणी 70 अंशांच्या खाली हवं. गरम पाण्याची टाकी बुटकी-रुंद असली की गरम-गार पाणी मिसळतं, परतीचं पाणी तापतं आणि इंजिन ट्रिप होतं. टाकी उंच, अरुंद घ्या. इंजिनाकडे जाणारा पाइप तळातून काढा. जॅकेटचं (इंजिनाभोवती फिरून ते थंड ठेवणारं) पाणी बंद चक्रातच ठेवा, नळाचं पाणी प्लेट हीट एक्स्चेंजरमधून (पाणी न मिसळता पातळ प्लेटांतून उष्णता पलीकडे देणारं साधन) तापवा. बोअरचं पाणी असेल तर आधी सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) लावा. नाहीतर प्लेटांवर क्षार बसतात आणि उष्णता पलीकडे जातच नाही.

महावितरणच्या लाइनला समांतर चालवायचा तर त्यांची संमती घ्या आणि लाइन जाताच जनसेट तोडणारा रिले बसवा. साहजिकच लाइट गेल्यावर तो आपोआप बॅकअप देणार नाही. त्यासाठी लाइनवरून जनसेटवर नेणारं वेगळं चेंजओव्हर स्विच लागतं.

प्रश्न : आमच्या 80 फ्लॅटच्या सोसायटीत हे चालेल का?

उत्तर : घरोघरी गीझर आहेत ना? मग नाही. गरम पाण्याची सामाईक लाइनच नसेल, तर उष्णता न्यायची कुठे?