काळ्या रानातल्या घराचा कोबा का फुटतो, आणि नवा करताना काय बघावे

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणीबाहेर, पूर्वी कापसाचे रान असलेल्या प्लॉटवर आई-वडिलांचे घर आहे. आठ-नऊ फूट काळी माती, खाली मुरूम. घरापुढचा २० बाय १५ फुटांचा पार्किंगचा कोबा दोन वर्षांत मधोमध फुटला. पुढच्या कोपऱ्यातल्या खिडकीवर तिरपी भेग आली. ठेकेदार म्हणतो सळई दुप्पट टाकू, मग फुटणार नाही. शेजारी एक खोलीही वाढवायची आहे.

परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात मी २६ वर्षे घरांचीच कामे केली. सळई कितीही टाका, हे थांबणार नाही. तुमचा कोबा वरून आलेल्या वजनाने फुटलेला नाही, खालून हललेल्या जमिनीने फुटला आहे. आणि जमीन हलते ती पाण्यामुळे.

आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते, ते पापुद्र्यांमध्ये पाणी ओढून घेते आणि फुगते, वाळले की आकसते. मे महिन्यात रानातल्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो आणि पोळ्यापर्यंत त्याच भेगा बुजलेल्या असतात, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले असेल. तेच घराखाली चालते. पाच इंची कोब्याचे वजन चौरस मीटरला साधारण ३०० किलो, आणि फुगणारी काळी माती त्याच जागेवर काही टनांनी वर रेटू शकते. कोबा तिला दाबून धरेल ही आशाच सोडा.

त्यातही सगळी जमीन सारखी हलली असती तर फारसे बिघडले नसते. कोब्याखाली मधल्या भागातला ओलावा उडून जायला वाट नसते, म्हणून तिथली माती ओलसर राहते. कडेची माती उन्हाळ्यात वाळून खाली बसते. मग कोबा मध्यावर टेकलेला आणि कडांना अधांतरी, अशा अवस्थेत वर गाडी येते. तुमची भेग मधोमध आहे, ती यामुळेच असावी.

खात्री करायची तर घरीच करता येते. माती वाळवून, बारीक कुटून चाळा. दोन सारख्या उभट काचेच्या भांड्यांत सारख्या वजनाची माती घ्या, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल घालून ढवळा आणि एक दिवस ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपट किंवा जास्त दिसला तर जमीन फुगणारी आहे असे धरून चाला. प्रयोगशाळेतली चाचणीही याच तत्त्वावर होते, फक्त मापाच्या नळ्या घेऊन.

माझी सुरुवातीची एक चूक सांगतो. एका घराचे जोते मी खोदकामातून निघालेल्या काळ्या मातीनेच भरले. माती तिथेच पडली होती, मुरुमाच्या ट्रॅक्टरचे भाडे वाचले, मालकही खूश. काम मे महिन्यातले, माती ठणठणीत कोरडी. पावसाळ्यात मधल्या खोलीची फरशी दीड-दोन इंच उचलली आणि स्वयंपाकघराचे दार लागेना. सगळी फरशी उकरून, माती काढून, माझ्या खर्चाने मुरूम भरला. तेव्हापासून जोत्यात काळ्या मातीचे एक घमेले पडू दिले नाही. तुमच्या नव्या खोलीलाही स्वतः उभे राहून हे बघा.

आता पार्किंग. जुना कोबा काढून निदान दोन फूट काळी माती उचला. त्या जागी मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरा, प्रत्येक थराला पाणी मारून रोलरने नाहीतर धुम्मसाने दाबा. मुरूम मात्र निवडून घ्या. नुसता भरड, वाळूसारखा मुरूम नको, कारण त्यातून पावसाचे पाणी थेट खालच्या काळ्या मातीपर्यंत जाते आणि तुमचा खड्डा पाण्याची टाकी होतो. पाणी शिंपडून मुठीत दाबल्यावर गोळा होणारा, पण वाळल्यावर भेगा न पडणारा मुरूम हवा. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर असा चिकट पण न फुगणारा थर देण्याची पद्धत मांडली, ती कालव्यांच्या अस्तरापासून घरांपर्यंत वापरली गेली. त्यांच्या पद्धतीत थर मीटरभर जाडीचा असतो. पार्किंगला एवढा खर्च परवडत नसेल तर दोन फुटांवर थांबा, पण खड्ड्याचा तळ घरापासून बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा.

काम कधी करायचे, याचा विचार कोणी करत नाही. मे महिन्यात वाळून आकसलेल्या मातीवर कोबा टाकला तर तो पावसात उचलणार. ऑगस्टमध्ये पूर्ण फुगलेल्या मातीवर टाकला तर उन्हाळ्यात खालची माती बसणार. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत ओलावा मधल्या पातळीवर असतो आणि हवाही काँक्रीटला मानवते. तुम्हाला घाई नसेल तर तेवढे थांबा.

काँक्रीटबद्दल. पाच इंची कोबा, एम-२० म्हणजे सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३, तुमच्या मापाला साधारण २८-२९ गोण्या सिमेंट लागेल. ५० किलोच्या गोणीला एकूण २५ लिटरच्या आसपास पाणी, आणि त्यात ओल्या वाळूतले पाणीही मोजा. उन्हात माल घट्ट होऊ लागला की गवंडी डब्याने पाणी ओततो. तिथे मध्ये पडा. तो जास्तीचा डबा काँक्रीटची ताकद खातो आणि वाळताना भेगाही वाढवतो. माल लवकर आवळत असेल तर पहाटे सहाला सुरू करून दहाच्या आत संपवा, खडीवर आदल्या रात्री पाणी मारून ती झाकून ठेवा, पिंपातले पाणी सावलीत ठेवा. हवा ४० अंशांवर गेली की भारतीय मानकेही ते उष्ण हवामानातले काम समजून वेगळी काळजी घ्यायला सांगतात.

दमट दिवसांची चूक निराळी असते. ऑगस्ट-सप्टेंबरात वर आलेले पाणी लवकर उडत नाही, म्हणून गवंडी त्यावर सुके सिमेंट भुरभुरतो आणि घोटून टाकतो. दिसायला गुळगुळीत होते, पण वर्षभरात पापुद्रे सुटतात. पाण्याची चमक आपोआप जाईपर्यंत थांबायचे, मगच घोटायचे. आणि हवा दमट आहे म्हणून पाणी मारायला नको, हे कोणी म्हटले तर ऐकू नका. गोणपाट अंथरून निदान १० दिवस ते ओले ठेवा. हल्ली मिळते ते बहुतेक सिमेंट फ्लाय अॅशवाले, म्हणजे कोळशाची बारीक राख मिसळलेले असते, त्याला १४ दिवस द्यावेत.

२० बाय १५ चा एकच अखंड तुकडा टाकू नका. लांबीत दोन, रुंदीत दोन असे चार तुकडे करा, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कटरने सव्वा इंच खोल खाचा मारून घ्या. भेग पडायचीच असेल तर त्या खाचेत पडेल. घराच्या भिंतीला कोबा चिकटवू नका, मध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून डांबरी पट्टी भरा. सळई ८ मिमीची, ८ इंचांवर दोन्ही बाजूंनी पुरे. ती कव्हर ब्लॉकवर, म्हणजे सळई जमिनीपासून उचलून धरणाऱ्या छोट्या ठोकळ्यांवर ठेवा. जाळी जमिनीवर अंथरून वर माल ओततात आणि हुकाने उचलू म्हणतात, ती पुढे कोणी उचलत नाही. सळई भेग रोखत नाही, पडलेली भेग फाकू देत नाही, एवढेच तिचे काम.

नव्या खोलीचा पाया चार फुटांवर थांबवू नका. मुरूम आठ-नऊ फुटांवर आहे तर कॉलमचे फुटिंग, म्हणजे खांबाखालचा रुंद तळ, मुरमातच बसवा. मुरूम आणखी खोल निघाला तर रुरकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने) अशाच मातीसाठी विकसित केलेले, तळाला फुगीर गड्डा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब करा, किमान साडेतीन मीटर खोल. माती फुगून वर ओढू लागली तरी गड्डा पाइलला खाली धरून ठेवतो. प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवरची आडवी तुळई, मातीवर टेकवू नका, खाली तीन-साडेतीन इंच पोकळी ठेवा, म्हणजे माती फुगली तरी बीमला रेटणार नाही. खड्डे खोदून महिनाभर उन्हात उघडे ठेवू नका. आणि नवी खोली जुन्या भिंतीत दात काढून, म्हणजे विटा गुंतवून बांधू नका, इंचभर सांधा ठेवून शेजारी स्वतंत्र उभी करा.

तुमच्या फोटोत त्या भेगेच्या कोपऱ्यालगत टाकीचा ओव्हरफ्लो पाइप दिसतो, आणि सात-आठ फुटांवर कडुनिंब. एक माती भिजवतो, दुसरा उन्हाळ्यात तीच शोषून वाळवतो. पाइप आजच नालीपर्यंत न्या. घराभोवती चार फूट रुंद, बाहेर उतरता कोब्याचा पट्टा करा, त्यात भिंतीलगत फुलझाडांचे आळे नको. कडुनिंब एकदम तोडू नका. तोडल्यावर तिथली वाळलेली माती पुन्हा पाणी पिऊन फुगते, आणि कोपरा उलट्या दिशेने हलतो. दरवर्षी फांद्या छाटून झाड आटोक्यात ठेवा.

खिडकीवरची भेग लगेच बुजवू नका. तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करा, त्यांच्यातले अंतर मे अखेरीस मोजा, सप्टेंबर अखेरीस पुन्हा मोजा. पावसात मिटून उन्हाळ्यात उघडत असेल तर ती ऋतूची हालचाल आहे, पाणी आवरले की बरीच कमी होईल. दोन्ही वेळा वाढतच असेल तर पाया बसतो आहे, आणि मग त्या कोपऱ्याखाली खोदून बघावेच लागेल. दोन्ही मापे आली की इथे लिहा, त्या कोपऱ्याचे काय करायचे ते त्यावरून सांगतो.