स्पोर्ट्स मसाजचा फायदा फक्त खेळाडूंनाच होतो का?

नाही, न खेळणाऱ्यांनाही होतो. फक्त अपेक्षा माफक ठेवा.

खेळाडूंना मुख्य फायदा म्हणजे जड व्यायामानंतर 24 ते 72 तासांत जे अंगदुखणं सर्वाधिक जाणवतं, ते थोडं कमी होतं आणि लवचिकता जराशी वाढते. मसाजने धावण्याचा वेग किंवा ताकद वाढते, याला मात्र ठोस पुरावा नाही. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं’ हे तर अजूनही सर्रास सांगितलं जातं (जोरदार व्यायामात स्नायूंत तयार होणारं हे आम्ल); खरं तर व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर स्वतःच त्याची विल्हेवाट लावतं.

दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांची दुखरी जागा ठरलेली: मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू आणि खांद्याच्या पात्याची आतली कड. तिथे अंगठ्याने हळूहळू दाब दिला की आधी कळ येते, मग काही सेकंदांत तो भाग सैलावतो. मान वळवणं सोपं जातं, झोपही बरी लागते. पण बसण्याची पद्धत तीच राहिली तर दुखणं परत येणारच, त्यामुळे जोडीला व्यायाम हवाच.

‘जितकं दुखेल तितकं चांगलं’ हे मला अजिबात पटत नाही. श्वास रोखून धरावा लागत असेल तर दाब जास्त आहे, सरळ सांगा.

ताजी दुखापत, ताप किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. एकाच पोटरीला अचानक सूज येऊन ती गरम लागत असेल, तर मसाज अजिबात नको. रक्ताची गुठळी असू शकते, लगेच डॉक्टरांकडे जा.