‘ती साडी नेसली’ की ‘तिने साडी घातली’?

एका वाचक भगिनींनी दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांची मुलगी ‘मी साडी घातली’ असे म्हणते आणि सासूबाई प्रत्येक वेळी ‘साडी घालत नाहीत, नेसतात’ अशी दुरुस्ती करतात. पण आता शिवलेली नऊवारी मिळते, ती पाय घालून वर ओढली की झाले, मग तिच्या बाबतीत काय म्हणायचे, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की ‘ती साडी नेसली’ हे बरोबर की ‘तिने साडी नेसली’ हे बरोबर.

आधी शब्दाचे मूळ पाहू. संस्कृतात ‘वस्’ या धातूचा एक अर्थ अंगावर घेणे असा आहे. वस्त्र आणि वसन हे शब्द त्यातूनच आले. त्याला ‘नि’ हा उपसर्ग लागून ‘निवसन’ झाले आणि त्यावरून मराठीत ‘नेसणे’ आले. (‘निवास’मधला राहणे या अर्थाचा ‘वस्’ रूपाने सारखा असला, तरी धातू म्हणून वेगळा आहे.) ‘साडी’ हा शब्दही असाच जुना असून तो संस्कृत ‘शाटी’, ‘शाटिका’ यांच्यापासून आला आहे. गोव्यात कोंकणी बोलणारे साडीला नुसते ‘कापड’ म्हणतात आणि त्यांचे क्रियापद ‘न्हेसप’ हे आपल्या ‘नेसणे’चे सख्खे भावंड आहे.

मात्र मराठीतल्या ‘नेसणे’चे क्षेत्र मर्यादित आहे आणि ती मर्यादा फार नेमकी आहे. साडी, लुगडे, पातळ, धोतर, लुंगी, सोवळे, पितांबर ही सगळी नेसायची वस्त्रे आहेत. सदरा, चोळी, झबले, टोपी घालायची, शाल पांघरायची, उपरणे आणि ओढणी घ्यायची, फेटा बांधायचा, दागिने ल्यायचे. या यादीकडे नीट पाहिले की दिसते, की ज्या कपड्याला शिंप्याने आधीच आकार दिलेला असतो आणि ज्यात आपण हात, पाय किंवा डोके ‘घालतो’, तो कपडा घालायचा असतो. आणि जे कापड कमरेभोवती फिरवून, गाठ मारून किंवा खोचून आपण स्वतःच्या अंगावर आकाराला आणतो, ते नेसायचे असते. यातही कमरेचे महत्त्व अधिक असावे, कारण परकर शिवलेला असूनही जुन्या बायका ‘परकर नेसणे’ असे सहज म्हणत. त्याहून बोलके उदाहरण साडीचेच आहे. साडी एकच असते, तरी कमरेखाली ती ‘नेसतात’ आणि खांद्यावर किंवा डोक्यावरून तिचा पदर ‘घेतात’. पदर नेसला, असे कोणी म्हणत नाही.

नेसणे म्हणजे नुसते गुंडाळणे नव्हे, हे मला आजीमुळे समजले. ती रोज नऊवारी नेसत असे. ‘वार’ म्हणजे तीन फूट, तेव्हा 9 वार म्हणजे सुमारे 8.23 मीटर कापड. हाताच्या मापात मोजले तर 18 हात. इतके कापड ती आरशात न पाहता अंगावर बसवी. एक टोक कमरेभोवती घेऊन गाठ मारायची, पदराचे अंतर खांद्यावर अजमावायचे, मधल्या कापडाच्या निऱ्या बोटांवर घ्यायच्या, निऱ्यांच्या खालच्या काठाचा मध्य दोन पायांमधून मागे नेऊन, काठ उलगडून कमरेशी खोचायचा. हा झाला कासोटा किंवा काष्टा. पुढे पोटाशी निऱ्या खोचल्या की ओचा तयार होई आणि तिथल्या फुगीर घडीला ती ‘केळे’ म्हणे. शेवटी दोन्ही हात कमरेवरून फिरवून ती सगळे ‘चापूनचोपून’ बसवी. परसातून येताना त्या ओच्यात कढीपत्ता नाहीतर चार लिंबे असत. ओचा ही तिची पिशवीच होती, आणि म्हणूनच ‘ओचापदर सावरणे’ या शब्दप्रयोगात ओच्याला पदराच्या बरोबरीचे स्थान आहे.

नेसण्याच्या तऱ्हांची नावेही क्रियेवरूनच पडली आहेत. कासोटा घातलेले नेसण ‘सकच्छ’ आणि कासोट्यावाचूनचे ‘विकच्छ’, हे झाले ग्रांथिक शब्द. घरात मात्र पाचवारी किंवा सहावारी साडीला ‘गोल साडी’ म्हणत, कारण ती कमरेभोवती गोल फिरते आणि पायांमधून मागे जात नाही. नऊवारी सोडून ‘गोल नेसू लागली’ एवढ्या तीन शब्दांत एका पिढीतला मोठा बदल सांगून होई. त्याशिवाय पायघोळ नेसणे, आखूड नेसणे, घट्ट नेसणे, अघळपघळ नेसणे आहेच. कोळणींचे नेसण पोटऱ्यांच्या वर आणि चापून बसवलेले असते, तर ब्राह्मणी नेसण घोट्यापर्यंत येते. कापड तेच, क्रिया वेगळी. आणि वेगळेपण सांगायला ‘नेसण’ हे नाम मराठीत तयार आहे. ‘तिचे नेसण चोख आहे’ या वाक्यात साडीच्या किमतीचा काही संबंध नसतो.

आता शिवलेल्या नऊवारीकडे येऊ. तिच्या निऱ्या, ओचा आणि कासोटा शिंप्याने शिवलेलेच असतात. आपण पाय घालतो, नाडी ओढतो आणि पदर खांद्यावर घेतो. इथे नेसण्याचे काम शिंप्याच्या टेबलावर आधीच झालेले आहे. त्यामुळे ‘मी शिवलेली नऊवारी घातली’ हे वाक्य मला अचूक वाटते आणि त्यात मुलीची चूक काढू नये. तिला ‘नेसली’ म्हटले, तरी तेही सवयीने चालून जाईल. पण सुटी साडी निऱ्या घेऊन, खोचून अंगावर चढवली असेल, तर तिथे सासूबाईंचे म्हणणे पूर्णपणे योग्य आहे. ‘घातली’ म्हटल्याने त्या सगळ्या हातकामाचा उल्लेखच वाक्यातून गळून पडतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक स्पष्ट आहे: ‘ती साडी नेसली’, ‘मी साडी नेसले’, ‘तो धोतर नेसला’. मराठीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याला बहुधा ‘ने’ लागतो: ‘तिने पत्र लिहिले’, ‘तिने सदरा घातला’. पण काही मोजकी क्रियापदे कर्म असूनही कर्तरी प्रयोगातच राहतात: ‘ती दूध प्याली’, ‘ती धडा शिकली’, ‘ती वाट विसरली’, आणि तशीच ‘ती साडी नेसली’. या क्रियापदांकडे पाहताना मला असे जाणवते, की त्यांचे फळ कर्त्याच्याच अंगी लागते. प्यालेले पोटात जाते, शिकलेले मनात राहते, नेसलेले अंगावर येते. ‘तिने साडी नेसली’ हे रूप आजकाल बरेच ऐकू येते आणि ‘घातली’च्या सादृश्याने ते आले असावे, परंतु लेखनात ते टाळावे असे माझे मत आहे.

याच क्रियापदाचे प्रयोजक रूप झाले की मात्र ‘ने’ परत येतो: ‘आईने मला साडी नेसवली’. ‘नेसवणे’ हा शब्द अगदी रोजच्या वापरातला आहे. भाद्रपदात ज्येष्ठागौरी उभ्या केल्या की त्यांना साडी नेसवतात, मुखवट्याखाली धड म्हणून नुसती पत्र्याची कोठी असली तरीसुद्धा. त्यांना साडी ‘घातली’ असे मी कोणत्याच घरात ऐकलेले नाही. लग्नसराईत ‘साडी ड्रेपिंग करून मिळेल’ अशा पाट्या दिसतात. त्या पाटीवर ‘साडी नेसवून मिळेल’ असे लिहिले, तर अर्थ तोच राहील आणि तो आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना वाचताक्षणी कळेल.