'कामी आला' की 'कामी आले'?

प्रश्न कोपरखैरण्याच्या एका ताईंचा आहे. त्यांचा मामा १९७१च्या डिसेंबरात, भारत-पाक युद्धात, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत गेला. वय २२. पाटण तालुक्यातल्या त्यांच्या गावी शाळेच्या फाटकाशी त्याच्या नावाचा फलक लावायचं ठरलं आहे आणि मजकूर इकडच्या गावकरी मंडळाने पाठवायचा आहे. त्यावर एकमत होईना. भाच्यांना 'शहीद' हवं, मंडळाच्या अध्यक्षांना 'हुतात्मा', आणि पाटी रंगवणाऱ्याने कुणाला न विचारता नावाआधी 'कै.' घातलं. ताईंच्या आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, आता ६८ वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात, "'कामी आला' लिहा, आमची आई तेच म्हणायची." ताईंचं विचारणं असं: "'कामी आला' हे गावंढळ आहे का? एखादी वस्तू कामाला आली तसं वाटतं. आणि लिहायचंच झालं, तर 'आला' की 'आले'?"

ताई, पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो. 'कामी येणे' गावंढळ नाही. लढाईत मरण येणे या अर्थाने तो मराठीतला जुना, पक्का वाक्प्रचार आहे. बखरींत 'अमुक कामास आले', 'तमुक पडले', 'ठार जाहले' असंच लिहिलेलं सापडतं, आणि ते सरदारांबद्दलही असतं, बारगिरांबद्दलही. हिंदीतही 'काम आना' याच अर्थाने आहे. यातलं काम म्हणजे हाती घेतलेली मोहीम, धन्याचं किंवा राज्याचं कार्य. 'कामी'मधला 'ई' हा जुना सप्तमीचा प्रत्यय, 'घरी', 'दारी', 'ठायी' यांत आहे तोच. म्हणजे 'कामी आला' याचा अर्थ त्या कार्यात त्याचा देह लागला.

पिशवी कामी येते, छत्री कामी येते, हे खरंच. शब्द तेच आहेत. पण माणसाचं नाव आणि लढाईचं नाव शेजारी आलं की मराठी कानाला दुसरा अर्थ ऐकूच येत नाही, असं मी तुम्हाला लिहून पाठवणार होतो. त्याआधी तुमच्या आईंना भेटावं असं वाटलं, म्हणून परवाच्या रविवारी ठाण्याहून वाशी लोकल पकडून कोपरखैरण्याला आलो. बरं झालं आलो.

तुमच्या घरात दाराशेजारी जी काळी ट्रंक आहे, तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर आणि नाव आहे. नावाच्या शेवटच्या अक्षरावर तेलाचा काळा डाग बसला आहे. आजी गावी असताना तिथेच दिवा ठेवायची, असं आई म्हणाल्या. ट्रंकेत दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घडी घातलेली तार आहे. घड्यांवर कागद इतका विरला आहे की आईंनी तो मला उघडू दिला नाही, स्वतःच उघडला. मजकूर इंग्रजी. तार आली तेव्हा युद्ध संपल्याचं रेडिओवर सांगून झालं होतं, १६ डिसेंबरची शरणागती होऊन गेली होती आणि गावात सगळे धरून चालले होते की पोरं आता सुट्टीवर येणार. तार वाचायला शाळेतले गुरुजी आले. आई तेव्हा १४ वर्षांच्या होत्या, उंबऱ्यात उभ्या होत्या. गुरुजींनी तार मनात दोनदा वाचली आणि म्हणाले, "बाई, पोरगा कामी आला." त्यावर आजीने विचारलं, "कुणाच्या कामी, गुरुजी?" गुरुजींनी डोक्यावरची टोपी काढली. तेव्हा तिला कळलं.

म्हणजे, ताई, तुम्हाला आज जी शंका आली ती आजीला त्या दिवशीच आली होती. दोन अर्थांमधलं ते अंतर तिने उंबऱ्यापाशी, एका क्षणात ओलांडलं, आणि पुढे आयुष्यभर तोच शब्द वापरला. मी आणलेलं उत्तर तिथे अर्धंच ठरलं. या शब्दात तिने विचारलेला प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि माझ्या मते तो राहू द्यावा.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी परतीच्या गाडीत लक्षात आली. मराठीत माणूस मरतो तेव्हा बहुतेक वेळा तो 'जातो'. गेला, देवाघरी गेला, सोडून गेला. तानाजी पडल्यावरही 'गड आला पण सिंह गेला' असंच लोकांच्या तोंडी राहिलं. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ला विशीही न उलटलेले विश्वासराव पडले, त्यांच्या नावावरून 'विश्वास तर पानिपतातच गेला' असं आपण अजून बोलतो. किंवा मग मरण 'येतं': त्याला मरण आलं, वीरमरण आलं. माणूस मेला आणि तरीही क्रियापद 'येणे', आणि येणारा तो माणूसच, असा मला तरी हा एकच प्रयोग माहीत आहे. सुट्टीवर घरी यायचा होता, तो कामी आला. आजीने एवढा विचार करून शब्द धरला असेल असं मी म्हणत नाही. पण भाषेने तो तिच्यासाठी केलेला होता.

आता बाकीच्या शब्दांबद्दल, कारण मंडळात तुम्हाला बोलावं लागेल.

'कै.' चुकीचं नाही. कैलासवासी कुणीही असू शकतो, अंथरुणात गेलेले आजोबाही. नेमकं म्हणूनच ते इथे अपुरं आहे. लढाईचा त्यात मागमूस नाही. 'वारला'चंही तसंच. युद्धात वारला असं कुणी म्हणत नाही.

'शहीद' अरबी शब्द आहे आणि त्याचं मूळ 'साक्ष' या अर्थाचं आहे. ज्याने जीव देऊन साक्ष दिली तो शहीद. गंमत नव्हे, पण नोंदवण्यासारखं आहे की इंग्रजीतल्या 'मार्टर'च्या मुळाशी असलेला ग्रीक शब्दही 'साक्षीदार' असाच आहे. मराठीत हा शब्द भगतसिंगांच्या नावाबरोबर घरोघर पोचला आणि आता वर्तमानपत्रांत सैनिकांसाठी सर्रास येतो. भाच्यांना तो जवळचा वाटतो यात काही वावगं नाही. मात्र सरकारी कागदात तो सापडेल अशी अपेक्षा धरू नका. डिसेंबर २०१५ मध्ये लोकसभेतच सांगितलं गेलं की या शब्दाची सैन्यदलांत कुठेही व्याख्या नाही. लष्कराच्या कागदांत 'बॅटल कॅज्युअल्टी' किंवा 'किल्ड इन अ‍ॅक्शन' असं असतं. दिल्लीत २०१९ साली राष्ट्रीय युद्धस्मारक झालं, तिथल्या त्यागचक्रात २५ हजारांहून अधिक नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत. तिथेही ओळख आहे ती नाव, हुद्दा आणि पलटण यांनी.

'हुतात्मा'बद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण हा शब्द मला फार प्रिय आहे. 'हुत' म्हणजे होमात अर्पण केलेलं. हवन, होम, आहुती ही त्याच धातूची लेकरं. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. भाषाशुद्धीच्या चळवळीत सावरकरांनी रूढ केलेल्या शब्दांत तो धरला जातो. पण महाराष्ट्रात त्याच्यावर दुसरा ठसा उमटला, तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाल्या, आणि त्या लढ्यातल्या मृत्यूंनी तो चौक हुतात्मा चौक झाला. तेव्हापासून मराठी माणूस 'हुतात्मा' म्हणाला की माझ्या डोळ्यांसमोर हातात शस्त्र नसलेली माणसं येतात. तुमच्या मामाच्या हातात रायफल होती. तो जंगी पलटणीचा, पहिल्या मराठाचा शिपाई. जमालपूरच्या वेढ्यात पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याचं पत्र पाठवलं तेव्हा त्याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली होती, आणि १० डिसेंबरच्या रात्री तिथून फुटून निघू पाहणाऱ्या फौजेची वाट याच पलटणीने अडवली. अशा माणसाला 'हुतात्मा' म्हटलं तर शब्द चुकत नाही, पण जरा सैल बसतो. माझं मत एवढंच. अध्यक्षांचा त्यात काही दोष नाही.

लढताना पडलेल्यासाठी नेमका घडवलेला शब्द म्हणजे 'धारातीर्थी पडणे'. धारा म्हणजे शस्त्राची धार. जिथे धारा चालतात ते रण हेच तीर्थ, आणि तिथे देह पडणं म्हणजे तीर्थाच्या ठिकाणी देह पडणं. पुन्हा तोच 'ई'. बोरिवलीतल्या एक्सरच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मारकशिळांवर, हीच कल्पना दगडात आहे: खाली लढाई, वर अप्सरा वीराला नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तुमच्या गावच्या शिवमंदिराबाहेरही एखादा असेल, शेंदूर लावलेला, कुणाचा ते कुणालाच ठाऊक नसलेला. त्यांवर बहुधा नाव नसतं. म्हणूनच तुमच्या फलकावर नाव सगळ्यांत मोठं असू द्या, विशेषण नव्हे.

आता 'आला' की 'आले'. खरी अडचण इथे आहे आणि ती फक्त व्याकरणाची नाही.

आईंशी दीड तास बोललो. त्या पूर्ण वेळ 'दादा आला', 'दादा म्हणाला', 'दादाला भाकरीबरोबर ठेचा लागायचा' असंच बोलत होत्या. तुम्ही, ताई, मध्येच 'मामा आले होते' म्हणालात आणि थांबलात. तुम्ही त्याला कधी पाहिलंच नाही. तुमच्यासाठी तो भिंतीवरचा फोटो, हार घातलेला, आणि फोटोतल्या माणसाला अहोजाहो करायला आपण शिकलेलो असतो. आईंसाठी तो त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठा भाऊ होता, आणि आता त्यांच्या नातवाच्या वयाचा आहे. "दादा बावीसचाच आहे," त्या म्हणाल्या. 'होता' नाही, 'आहे'.

मराठीत एकवचन म्हणजे अनादर, हा समज शाळेतून आणि कचेरीतून पसरला आहे. आई 'ती' असते, मामा बहुतेक घरांत 'तो' असतो, विठ्ठल तर कायम 'तू'. जवळीक जितकी जास्त तितकं एकवचन पक्कं. उलट सार्वजनिक लिखाणात वय कितीही कमी असो, आदरार्थी बहुवचन येतंच. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय तुमच्या मामाइतकंच, २२. मी त्यांच्याविषयी लिहिताना 'ते' लिहितो, कारण माझं त्यांच्याशी नातं नाही. त्यांच्या घरात कुणी 'तो' म्हणत असेल तर ते माझ्या 'ते'पेक्षा मोठं आहे.

फलक लिहिणारे ही अडचण नामाआड लपवतात. 'वीरगती प्राप्त', 'वीरमरण' एवढंच लिहिलं की क्रियापदच उरत नाही, मग आला-आले ठरवावं लागत नाही. 'वीरमरण आले' लिहिलं तरी 'आले' हे मरणाचं होतं, त्याचं नाही. सोयीचं आहे, आणि मंडळ बहुधा तुम्हाला हेच सुचवेल. मला ते पटत नाही. शाळेच्या फाटकाशी येणारी मुलं दहा-बारा वर्षांची असतील. त्यांनी पूर्ण वाक्य वाचावं, ज्यात एक माणूस आहे आणि त्याने काहीतरी केलं आहे.

फलक गावाचा आहे, गाव त्याला 'ते' म्हणेल आणि तसंच म्हणावं. म्हणून वरच्या मजकुरात 'आले'. पण खाली, लहान अक्षरांत, तो फलक कुणी लावला हे सांगणारी ओळ घरची आहे. तिथे आईंचा शब्द जसाच्या तसा येऊ द्या. मी असं लिहीन:

(पूर्ण नाव)
शिपाई, पहिली पलटण, मराठा लाइट इन्फंट्री
जमालपूरच्या लढाईत वयाच्या २२व्या वर्षी कामी आले.
डिसेंबर १९७१

आमचा दादा कामी आला. – बहीण

तारखेचं मात्र पलटणीच्या कागदावरून पक्कं करून घ्या. आई कोयनेच्या भूकंपापासून वर्षं मोजतात, 'भूकंपानंतरच्या चौथ्या डिसेंबरात' म्हणतात, आणि तारेवरची तारीख घडीत गेली आहे. आणि पाटी रंगवणाऱ्याला दोन गोष्टी सांगा. 'कै.' पुसायचं. 'कामी'तला 'मी' दीर्घ.